चाळीस लिटरचा खारा टँक : नॅनो रीफ सुरू करायचाय, अनुभव सांगा

ओले_हात
नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचा प्लांटेड टँक बरीच वर्षं ठेवतोय, आता खाऱ्या पाण्यात उतरायचं, नॅनो रीफ म्हणजे प्रवाळांचा छोटा टँक करायचं ठरवलंय. कोथरूडात फ्लॅट, हॉलमध्ये टीव्हीच्या बाजूला जेमतेम दोन फूट जागा, त्यामुळे मोठ्या टँकचा प्रश्नच नाही. ४५ बाय ३० बाय ३० सेंमीचा घ्यायचा विचार आहे, म्हणजे काठोकाठ ४० लिटर, दगड-वाळू गेली की प्रत्यक्ष पाणी ३० च्या आसपास. मासे एक-दोनच, सगळा भर कोरलवर, म्हणजे प्रवाळांवर.

माझं मत असं की सुरुवात लहान टँकनेच करावी. खर्च कमी, पाणी बदलायला एक बादली पुरते. दुकानदार मात्र म्हणतो १५० लिटरच्या खाली खाऱ्याच्या नादी लागूच नका. कोणाचं बरोबर? पुण्याचा एप्रिल-मे बघता चिलर (पाणी थंड करायचं यंत्र) घ्यावाच लागेल का? अलिबागला अधूनमधून जाणं होतं, तिथून समुद्राचं पाणी कॅनमध्ये आणलं तर चालेल का? आणि आत ठेवायचं काय काय?

बंड्या_बारामतीकर
पापलेट मावेल का? एकच, मध्यम.

राजापूरची_गंगा
झाली सुरुवात. वाचनखूण साठवते, लेकीला हा टँक हवाच आहे.

टीडीएस_शून्य
दुकानदार चूक नाही आणि तुम्हीही नाही. लहान टँक स्वस्त पडतो, पण सोपा नसतो. लहान पातेल्यातलं दूध पटकन उतू जातं, तसंच. एखादा मासा दगडामागे मेला आणि दोन दिवस कोणाला दिसला नाही तर ४०० लिटरमध्ये फारसं काही बिघडत नाही, ३० लिटरमध्ये अमोनिया बाकीच्यांनाही घेऊन जातो.

तुमच्या टँकचंच गणित बघा. पृष्ठभाग ४५ बाय ३०, म्हणजे पातळी १ सेंमी उतरली की १.३५ लिटर पाणी उडालं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ सगळं आतच राहतं. ३० लिटरमधून एवढं गेलं की ३५ ची क्षारता ३६.६ वर. पंखा लावला तर पुण्याच्या एप्रिलमध्ये हे एका दिवसात होऊ शकतं, आणि तुम्ही शनिवार-रविवार गावाला गेलात तर सोमवारी कोरल मिटून बसलेले दिसतील. म्हणून टॉप-अप, म्हणजे उडालेलं पाणी भरून काढणं, रोज, आणि तो गोड्या आरओ पाण्याने. खाऱ्याने टॉप-अप केला तर क्षारता चढतच जाते. काचेला बाहेरून बारीक टेप लावून पातळीची खूण करा आणि फ्लोट स्विचवाला (पातळी उतरली की पंप आपोआप चालू करणारा) ऑटो टॉप-अप बसवा. भारी लाइट नंतर घेतला तरी चालेल, हे यंत्र आधी घ्या.

क्षारता मोजायला रिफ्रॅक्टोमीटरच घ्या, आणि तो ३५ च्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवा. सुईवाले प्लास्टिकचे हायड्रोमीटर येतात त्यांच्या सुईला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. आपल्याला हवं ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ), म्हणजे २५ डिग्रीला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या आसपास.

देवबागकर
अलिबागचं पाणी नको हो. ते मुंबईच्या बंदराच्या तोंडाशी, गाळ भरपूर, बोटींचं डिझेल, आणि पावसात खाड्यांमधून येणाऱ्या गोड्या पाण्याने क्षारता पार खाली. त्यात कॅन गाडीच्या डिकीत चार तास तापणार, पाण्यातलं बारीकसारीक सगळं मरून सडायला लागणार. किनाऱ्यावरून भरलेल्या पाण्याचा भरवसा नाही, आमच्या मालवणच्याही नाही.

दुसरं, विचारलं नाहीत तरी सांगतो, कारण माझ्या बोटीवर येणारे लोक हमखास विचारतात. मालवणातून दगड किंवा प्रवाळाचा तुकडा नेऊ नका. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, १९८७ पासून हे सागरी अभयारण्य आहे. वन्यजीव कायद्यात दगडी प्रवाळ पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, आणि मेलेला पांढरा तुकडासुद्धा त्यात येतो. समुद्रघोडे, समुद्री काकड्या, समुद्रपंखे यांनाही याच कायद्याचं संरक्षण. पर्यटक म्हणतात एवढासाच तर आहे भाऊ. अरे पण त्या एवढ्याशाला वाढायला किती वर्षं लागली ता बघा मा! गोल पोराइट्स (एक दगडी प्रवाळ) वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, आणि स्नॉर्कलिंगला आलेला माणूस त्याच्यावर उभा राहून फोटो काढतो. बुडायला झालं की पाय टेकतात, मी वरून ओरडतो, तेवढ्यात टेकून झालेले असतात.

न्यूजर्सी_नाना
आमच्याकडे इथे हा छंद फार जोरात आहे. रविवारी लोक फ्रॅग घेऊन जमतात, अंगठ्याच्या नखाएवढे कोरलचे तुकडे छोट्या सिमेंटच्या चकत्यांवर चिकटवलेले, आणि अदलाबदल चालते. माझ्याकडे ५० लिटरमध्ये हॅमर आणि टॉर्च ही कोरल आहेत. ओले_हात, सरळ हॅमर घ्या, हलतं-डुलतं, घरात येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथेच जाते.

टीडीएस_शून्य
नाना, तुमच्याकडे ते फ्रॅग टाक्यांमध्ये वाढवलेले आणि रीतसर विकलेले असतात. इथे हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा ही सगळी दगडी प्रवाळं, म्हणजे देवबागकर म्हणाले तीच पहिली अनुसूची. दुकानात खुलेआम दिसतात हे खरंय, पण विक्रेत्याने 'काही होत नाही' म्हणून सांगणं म्हणजे कागद नव्हे. मी ठाण्यात राहतो आणि माझ्या टँकमध्ये एकही दगडी कोरल नाही. झोआ, मशरूम, लेदर ही मऊ कोरल, एवढ्यावर टँक सुंदर दिसतो, आणि तीस लिटरला हीच जनावरं सोसतात. हॅमरला अल्कलिनिटी ८-९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५० पीपीएम (दशलक्ष भागांत भाग), मॅग्नेशियम १३०० पीपीएमच्या आसपास स्थिर लागतं. मऊ कोरलना सांगाडा बांधायचा नसतो, दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदललं की त्यांचं भागतं.

फोर्टचा_कारकून
प्रवाळांच्या कायद्यावरून आठवलं. मुंबईत कोस्टल रोडचं काम निघालं तेव्हा वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवर प्रवाळ निघाले. २०२० मध्ये वनखात्याची परवानगी काढून ते दुसरीकडे हलवले, त्यातले काही कुलाब्याला नेव्हीनगरकडे. एवढा मोठा रस्ता, पण त्या वसाहती परवानगीशिवाय हलवता आल्या नाहीत. आपल्या गढूळ मुंबईच्या पाण्यात प्रवाळ जगतात हेच कित्येकांना तेव्हा कळलं.

चिंगळी
मी जरा वेगळं बोलते. मला हा छंदच पटत नाही. गोड्या पाण्याचे बहुतेक मासे तळ्यांमध्ये वाढवलेले असतात, खाऱ्या पाण्याचे मात्र बहुतांश समुद्रातून पकडलेले. फिलिपिन्स-इंडोनेशियात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडायचे प्रकार झालेत, त्यात मासा वाचला तरी आजूबाजूचं कोरल मरतं. २०२४ मध्ये लक्षद्वीपचे प्रवाळ उष्णतेने पांढरे पडले, आणि आपण हॉलमध्ये टीव्हीशेजारी समुद्र मांडायचा? पोहायला शिका, मालवणला जा, तिथे बघा.

देवबागकर
ताई, यावा, पण उभे राहू नका.

केमिस्ट्रीवाली
चिंगळी, तुझा मुद्दा बरोबर आहे, आणि म्हणूनच काय विकत घ्यायचं ते नीट बघायला हवं. क्लाउनफिश हॅचरीत सहज होतो. आपल्या सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) ते तंत्र कधीच बसवलंय, ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. मग समुद्रातला पकडलेला क्लाउन घ्यायचाच कशाला? हॅचरीचा मासा दुकानातच पेलेट खातो, माणूस जवळ आला तर पुढे येतो, आणि बऱ्याचदा त्याचे पांढरे पट्टे अर्धवट किंवा वेडेवाकडे असतात. दुकानदाराला समोर खायला घालायला सांगायचं. नाही म्हणाला तर पैसे खिशात ठेवून घरी यायचं.

आता ओले_हात यांचे प्रश्न, उष्णतेपासून सुरू करते कारण मी नागपूरची. चिलर लागतोच असं नाही, तुमची हवा कशी आहे त्यावर ते आहे. १ लिटर पाणी उडताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. ३० लिटर पाणी १ डिग्रीने थंड करायला १२५ च पुरतात. म्हणजे बाहेरून उष्णता येतच नसती तर एका लिटरच्या बाष्पीभवनात कागदावर १९ डिग्री उतरले असते! प्रत्यक्षात खोलीतून उष्णता येतच राहते, तरी पृष्ठभागावर तिरका मारलेला छोटा १२ व्होल्टचा पंखा कोरड्या हवेत ३-४ डिग्री उतरवतो. नागपूर आणि पुण्याला एप्रिल-मे कोरडे, त्यामुळे पंखा चालतो. मुंबई-रत्नागिरीत हवा आधीच ओली, तिथे पंख्याने फारसा फरक पडत नाही, तिथे चिलर किंवा खोलीचा एसी. आणि चिलर घेतलात तर त्याची गरम हवा त्याच खोलीत येते, टीव्हीच्या कपाटात कोंडून ठेवला तर तो स्वतःच गुदमरतो. पाणी २५-२६ ठेवायचा प्रयत्न करा, २८ पर्यंत चालून जातं, ३० च्या वर आठवडाभर गेलं की कोरल आतली शेवाळं बाहेर टाकायला लागतात. दिवसात २ डिग्रीपेक्षा जास्त वरखाली होऊ देऊ नका.

पाणी. घरचं आरओ तपासल्याशिवाय वापरू नका. बहुतेक घरगुती यंत्रांत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो, आणि शेवटी एक मिनरलची नळकांडी. म्हणून मीटर ४०-५० टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) दाखवतो. आपल्याला शून्य हवं. तो स्क्रू बंद, नळकांडी बायपास, आणि शेवटी उरलेसुरले क्षार शोषणारा डीआय रेझिनचा फिल्टर. रेझिन संपलं की रंग बदलतो, असं रेझिन घ्या म्हणजे मीटर न लावताही कळतं. समुद्राचं मीठ पाकिटावर लिहिल्याप्रमाणे, साधारण लिटरला ३६ ते ३८ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ नाही चालत, ते नुसतं सोडियम क्लोराइड आणि वर आयोडीन. समुद्रात मॅग्नेशियम आहे, सल्फेट आहे, पोटॅशियम आहे. बादलीत पाणी आधी भरा, त्यात मीठ टाका, उलटं केलंत तर कॅल्शियम साका होऊन खाली बसतं. पंप लावून रात्रभर फिरू द्या.

बंड्या_बारामतीकर
३६ ग्रॅम मीठ लिटरला म्हणजे आमच्या मेसची आमटी.

ओले_हात
केमिस्ट्रीवाली, दंडवत. घरच्या आरओचं झाकण आत्ताच उघडून बघितलं, स्क्रू आहे. सायकलिंगचंही (टँकमध्ये उपयोगी बॅक्टेरिया बसवणं) सांगा ना, गोड्या पाण्यात केलंय पण इथे लाइव्ह रॉक (समुद्रातला, जिवंत बॅक्टेरिया असलेला दगड) नसेल तर?

केमिस्ट्रीवाली
तत्त्व तेच. अमोनियाचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट. ड्राय रॉक, म्हणजे कोरडा दगड, घ्या, ३-४ किलो पुरतो, त्यावर बाटलीतले बॅक्टेरिया टाका. अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर न्या. कोळंबी सडवायची जुनी पद्धत फ्लॅटमध्ये नको, शेजारी येऊन विचारतील. २ पीपीएम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की सायकल झाली. चार ते सहा आठवडे धरा. मग एक मोठा पाणीबदल आणि मगच पहिलं जनावर.

त्यानंतर सगळं घाण दिसायला लागेल. आधी वाळूवर तपकिरी डायटम (सूक्ष्म शेवाळ), मग दगडावर हिरवे केस. इथेच लोक घाबरून औषधं ओततात. ओतू नका. गोगलगायी टाका, खाणं कमी करा, लाइट ७-८ तासांवर आणा, थांबा. नायट्रेट-फॉस्फेट अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नका, शून्य झालं की डायनोफ्लॅजेलेट्स येतात, शेंबडासारखे तारा-तारा आणि त्यात अडकलेले बुडबुडे, ते गेलेच तर महिन्यांनी जातात. नायट्रेट ५ पीपीएमच्या आसपास असू द्या.

वायरमन_बाप्पा
टँकवाले विजेचं कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. खारं पाणी गोड्यापेक्षा कितीतरी जास्त वीज वाहतं. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबत्या वळणाने न्या, म्हणजे वायरवरून ओघळणारा थेंब वळणावर खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. बोर्ड टँकच्या खाली कधीच नको, बाजूला आणि वर. त्या लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. टँकमध्ये हात घालण्याआधी हीटर आणि पंप बंद. मिठाची पांढरी पापडी प्लगवर चढते, महिन्याला एकदा प्लग काढून कोरड्या फडक्याने पुसा.

टीडीएस_शून्य
+१. आणि लाइट गेल्यावर काय ते आधीच ठरवा. गुरुवारी दिवसभर वीज नसते अशा भागात असाल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ हवा. फिल्टर बंद पडल्यापेक्षा पाण्याची हालचाल थांबते आणि ऑक्सिजन संपतो, मासे त्याने मरतात. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, गरम असेल तर आणखी कमी. डीसी वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) छोट्या इन्व्हर्टरवर टाकला तर रात्रभर चालतो.

फोर्टचा_कारकून
लहानपणी तारापोरवाला मत्स्यालयात शाळेची सहल जायची. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते सुरू झालेलं, मरीन ड्राइव्हवर समुद्राच्या समोरच. आत शिरलं की तो ओलसर खारा वास आणि काचेला नाक लावून रांगेतली पोरं. कासवापाशी आमची रांग कायम तुंबायची, बाई मागून ढकलायच्या.

राजापूरची_गंगा
हो हो, कासव! पण ओले_हात यांचा शेवटचा प्रश्न राहिलाच की, आत ठेवायचं काय? माझ्या लेकीला तो निळा टँग मासा हवाय.

टीडीएस_शून्य
निळा टँग ३० सेंमीपर्यंत वाढतो, म्हणजे यांच्या टँकच्या रुंदीएवढा. नाही. मँडरिन गोबी दिसायला अप्रतिम पण तो दिवसभर दगडावरचे बारीक कोपेपॉड टिपून जगतो, ३० लिटरमध्ये काही आठवड्यांत ते संपतात आणि तो उपाशी मरतो. तोही नाही. अ‍ॅनिमोनी (समुद्रफूल) नाही, तो जागा सोडून चालतो, पंपात अडकतो आणि मेला की टँक विषारी करतो. क्लाउनला अ‍ॅनिमोनी लागतच नाही, तो पंपाच्या कोपऱ्यातही संसार मांडतो.

माझी पसंती सांगू का? पिवळा वॉचमन गोबी मासा आणि पिस्टल श्रिंप (एक कोळंबी) यांची जोडी. श्रिंपला जवळजवळ दिसत नाही, तो वाळूत बीळ खणतो. गोबी बिळाच्या तोंडाशी पहारा देतो. श्रिंप एकेक खडा नांग्यांत धरून बाहेर आणतो तेव्हा त्याची एक मिशी सतत गोबीच्या अंगाला टेकलेली असते. गोबीने शेपटी जराशी थरथरवली की श्रिंप खडा तिथेच टाकून आत. तासन् तास बघत बसावं असं आहे हे. त्यासाठी वाळू ५ सेंमी हवी, बारीक आणि थोडी जाड चुरी मिसळलेली, नाहीतर बीळ ढासळतं. दगड आधी काचेच्या तळावर टेकवा, मग वाळू घाला, कारण तो दगडाखालीच खणणार. आणि एक दिवस रात्री 'टक्' असा आवाज येईल, काच तडकली म्हणून धावू नका, ती त्याची नांगी.

केमिस्ट्रीवाली
मी क्लाउनच्या बाजूची. हॅचरीची ओसेलॅरिस क्लाउनची जोडी, एक मोठा एक लहान घ्यायचा. सगळे नर म्हणूनच जन्मतात, जो दांडगा तो मादी होतो. सारख्या आकाराचे दोन घेतले तर कोण मोठं यावरून मारामारी.

बंड्या_बारामतीकर
हे आमच्या घरात आधीच ठरलेलं आहे.

टीडीएस_शून्य
@केमिस्ट्रीवाली, क्लाउनची जोडी किंवा गोबी-श्रिंप. दोन्ही नको. मोठी झालेली मादी वाळूवरच्या गोबीला जगू देत नाही आणि तीस लिटरमध्ये पळायला जागा नसते. मी ७० लिटरच्या खाली दोन्ही ठेवणार नाही.

केमिस्ट्रीवाली
पटत नाही, शांत जोड्या मी पाहिल्यात. पण नवीन माणसाला एकच जोडी सांगावी हे मान्य. जोडीला दोन-तीन ट्रोकस आणि एक-दोन नासारियस गोगलगायी. नासारियस वाळूत गाडून घेतात, नुसती सोंड वर. खाण्याचा वास आला की सगळ्या एकदम वर येतात.

मासा आजारी पडला तर रीफमध्ये तांब्याचं औषध कधीही टाकायचं नाही, गोगलगायी, श्रिंप, सगळं जातं. औषध वेगळ्या टबात. म्हणून नवा मासा आधी महिनाभर वेगळा ठेवलेला बरा.

चिंगळी
हॅचरीचा मासा, दगडी कोरल नाही, समुद्रातला दगड नाही. एवढं पाळणार असाल तर माझा विरोध थोडा मावळतो, थोडाच. ते झोआ विषारी असतात म्हणे, ते खरं का?

टीडीएस_शून्य
खरं, आणि बरं झालं विचारलंत. काही झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असतं, ते फार जहाल विष आहे. हात लावताना हातमोजे आणि चष्मा, हाताला जखम असेल तर मुळीच नाही. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने किंवा ब्रशने घासू नका, वाफेतून विष श्वासावाटे शरीरात जाऊन अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेल्याच्या घटना परदेशात घडल्यात. घरात लहान मूल असेल तर मशरूम आणि लेदरवरच थांबा.

ओले_हात
ठरलं मग. ऑटो टॉप-अप आणि डीआय फिल्टर आधी, टँक नंतर. गोबी-श्रिंपची जोडी, मशरूम, एक लेदर, गोगलगायी. पंखा लावतो, २८ च्या वर जायला लागलं तर चिलरचं बघू. अलिबागचं पाणी रद्द. एकच शंका राहिली, दिवाळीत आठ दिवस गावी असतो तेव्हा कसं करता?

टीडीएस_शून्य
ऑटो टॉप-अपचं भांडं १५ लिटरचं ठेवा, पण दिवाळीची वाट न बघता आधीच एका सुट्टीत घरी असताना आठवडाभर हात न लावता चालवून बघा. फ्लोट स्विच दोन, एक अडकला तर दुसरा पंप बंद करेल, नाहीतर सगळं गोडं पाणी एकदम आत जाईल.

राजापूरची_गंगा
आणि शेजारच्यांकडे किल्ली देणार असाल तर मावशींचा अनुभव सांगते, गोड्या पाण्याचा आहे पण लागू पडेल. आठवड्याच्या गोळ्यांची ती सात कप्प्यांची डबी मिळते ना मेडिकलमध्ये, तिच्यात रोजचं खाणं मोजून भरून द्या, एका आड एक कप्पा रिकामा ठेवला तरी चालतं. शेजारच्या काकांना मासे कायम भुकेलेच वाटतात. खाण्याचा मोठा डबा कपाटात, आणि कपाटाची किल्ली तुमच्याबरोबर गावाला.